शाकाहारी घरात भांडं देताना

आमच्याकडे लग्नसराई आणि निवृत्तीचा हंगाम हातात हात घालून येतात. एप्रिल-मेमध्ये स्टाफरूममध्ये वर्गणीचा कागद फिरतो, मोहल्ल्यातल्या बायका भिशीतून पैसे बाजूला काढतात आणि कुणीतरी म्हणतंच, "स्वयंपाकघरातलं काहीतरी देऊ, कामात तरी येईल." भेट एखाद्या शाकाहारी घरात जायची असेल, तर घोडं इथे अडतं. आमच्यातली एकजण हळूच विचारते, "आपल्या हातचं त्यांना चालेल ना?" मग काय चालेल आणि काय चालणार नाही यावर अर्धी दुपार जाते. ती बाई रोज रांधते काय, तिच्या ओट्यावर काय आहे, तिची चूल कसली, हे कुणी विचारत नाही. शेवटी फुलाफुलांचा डिनर सेट येतो आणि तो त्यांच्या घरी माळ्यावर जातो.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकून घ्यायला लावलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला काय येतं तिथून पाठ सुरू करायचा. भेटीचंही तसंच असावं, असं माझं मत आहे. त्या घरात काय शिजत नाही हा विचार पाच मिनिटांत उरकावा, आणि काय शिजतं याचा विचार निवांत करावा.

ती पाच मिनिटं आधी खर्च करते, कारण दुखणं तिथेच आहे.

आपल्या जिल्ह्यात शेगाव आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेली माणसं आपल्या शेजारी राहतात, आपल्याबरोबर नोकरी करतात. माळकरी माणूस मांस खात नाही, आणि त्यातले काही जण मांस शिजतं त्या भांड्यातलं काहीच खात नाहीत. ईदला ते घरी येतात, गळाभेट होते, पाणी घेतात, शीरखुर्म्याची वाटी मात्र नम्रपणे बाजूला ठेवतात. कुणाला याचं वाईट वाटतं. मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. आपणही बाहेरगावी गेल्यावर हॉटेलच्या पाटीवर हलाल लिहिलंय का ते बघतोच. खाण्याचा नेम पाळणाऱ्याला दुसऱ्याचा नेम समजायला हरकत नसावी. (माणसाला शिवू नये म्हणून भांडं वेगळं ठेवणं ही वेगळी गोष्ट. तिला नेम म्हणत नाहीत, आणि तिथे मी भेट घेऊन जातही नाही.)

अशा घरासाठी नियम एकच, भांडं कोरं असावं. दुकानातून आलं तसं, खोक्यात, लेबल न काढता. आपल्या घरात चार दिवस वापरून पाहिलेलं, कितीही लख्ख घासलेलं असलं तरी नको. बस्स, एवढंच. यापुढे सफाई देत बसू नये. "अहो, आम्ही हे बाहेरच ठेवलं होतं, आमच्या ओट्याला लागूही दिलं नाही" असं बोलणाऱ्या आमच्या बायका मी पाहिल्या आहेत. ते ऐकताना समोरची बाईच ओशाळते. भेट म्हणजे आपल्या निर्दोषपणाचा दाखला नाही. कोरं भांडं ठेवावं, चहा किंवा पाणी जे पुढे येईल ते घ्यावं आणि मुलांच्या परीक्षेचं बोलावं.

तसं पाहिलं तर आपल्या हाताला त्या स्वयंपाकघराचा रस्ता नवा नाही. स्टीलच्या आधी घरोघरी पितळेची पातेली होती. आतली कल्हई उडाली की चिंच घातलेली आमटी, ताक, सगळं कळकायचं. मग भाता घेऊन कल्हईवाला यायचा. लहानपणी आमच्या गल्लीत यायचा तो मुसलमान होता, आणि सगळी गल्ली, त्यात माळकऱ्यांची घरंही, त्याच्यापुढे पातेली आणून ठेवायची. भांडं तापलं की तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी फिरायची आणि कापसाच्या बोळ्याने एका हाताच्या फिरकीत पातेल्याची आतली बाजू चांदीसारखी व्हायची. आतली बाजू, जिथे अन्न शिजतं ती! शिवाय शाकाहारी घराची भाजी पिढ्यानपिढ्या येते कुणाकडून? बागवानाकडून. चमचा हा शब्द तुर्कीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलाय, तबक अरबी आहे, सुरईही अरबीच. उर्दूच्या तासाला मी हे शब्द फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं म्हणतात, "टीचर, ये तो मराठी के हैं." दोन्हीकडचे आहेत, म्हणून तर फळ्यावर येतात.

आता उलट बाजूचंही एक. आमच्या घरांत भेट म्हणून काय येतं? बिर्याणीची हंडी. मला आजवर तीन मिळाल्या. देणाऱ्यांची माया खरी आहे, पण अंदाज चुकलाय. मुसलमान घरात रोज देग चढते, असा सगळ्यांचा समज. मास्तरांच्या पगारात आणि शेतमजुराच्या रोजीत रोज काय चढतं ते मी सांगते. सोमवारी तूरडाळ, मंगळवारी मेथी, बुधवारी बेसन, गुरुवारी अंबाडीची भाजी आणि भाकरी. आमचा दालचाही पुष्कळदा नुसत्या दुधीचाच असतो. दुधी प्रेषितांना (स.) आवडायचा, हे हजरत अनस यांनी सांगितल्याचं सहीह बुखारीत आहे, त्यामुळे तो आमच्या दस्तरखानवर मानाने येतो. म्हणजे शाकाहारी स्वयंपाकाची आवड असणाऱ्यांना काय द्यावं, हा प्रश्न फक्त माळकरी शेजारणीपुरता नाही. माझ्या नणंदेलाही तोच लागू आहे, तिच्या हातच्या ठेच्यासाठी लोक मेहकरहून येतात.

तर मग रांधतात काय, ते पाहू. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन तुकड्यांत राहतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, मोताळा ही घाटाखालची बाजू खान्देशाला चिकटलेली. तिथे वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सणाला खापरावरचे मांडे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडे ज्वारीची भाकरी, पिठलं, डाळ-भाजी, ठेचा. रोडगे आणि वरण दोन्हीकडे. या यादीतला एकही पदार्थ डिनर सेटमुळे चांगला होत नाही. तो चांगला होतो तव्यामुळे, कढईमुळे, दगडामुळे.

म्हणून माझी पहिली पसंती लोखंडी तवा. जाड, जड, हाताला वजन लागेल असा. भाकरीला आधी कडक आच लागते. वरच्या अंगाला पाणी फिरवून ती उलटायची, मग पदर सुटायला लागला की विस्तवावर फुगवायची. नॉनस्टिकवर हे जमत नाही, आणि जमवू नयेही. तो थर ज्या रसायनाचा असतो ते १९३८ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेत दुसरंच काही शोधताना हाती लागलं. चिकटत नाही हा त्याचा गुण खरा, पण साधारण २६० अंशांच्या वर तापलं की ते बिघडू लागतं. भाकरीचा तवा तर कोरडाच तापवायचा असतो. म्हणजे धिरडी-आंबोळी करणाऱ्याला नॉनस्टिक ठीक, भाकरीवाल्या घरात देऊ नका.

नव्या लोखंडी तव्याला कारखान्यात तेलकट थर दिलेला असतो. तो गरम पाण्याने घासून काढायचा, तवा वाळवायचा, तेलाचा पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवायचा, थंड होऊ द्यायचा, परत तेच. तीन-चारदा केलं की तवा काळा कुळकुळीत होतो आणि चिकटणं बंद होतं. जवसाचं तेल याला उत्तम, कारण ते वाळून कडक होतं. तैलचित्रांचे रंगही त्यातच कालवतात. घरच्या माणसाला तवा द्यायचा असेल तर मी असा तयार करूनच देते. माळकरी घरी द्यायचा असेल तर कोरा देते, सोबत जवसाच्या तेलाची छोटी बाटली आणि कसं करायचं ते लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी मराठीत, सुवाच्य अक्षरात. शिक्षिकेला तेवढी हौस असते.

तव्याच्या खालोखाल लोखंडी कढई. इथे थोडं शाळेतल्या विज्ञानासारखं बोलावं लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला. पालेभाज्या, डाळी, ज्वारी-बाजरी यांतलं लोह शरीर मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषून घेतं. निव्वळ शाकाहारी बाईला म्हणून ते जास्त जपून मिळवावं लागतं. लोखंडी कढईत भाजी शिजली की थोडं लोह अन्नात उतरतं, आणि भाजी आंबट असेल तर जास्त उतरतं. वर लिंबू पिळलं की ते अंगीही चांगलं लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला की कमी लागतं. कढई म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच. पण आयुष्यभर रोज थोडं थोडं देत राहणारी भेट दुसरी कोणती? फक्त एक सांगून ठेवावं, भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. अंबाडी, टोमॅटो कढईत राहिले तर काळे पडतात, चवीला धातू लागतो, आणि मग चांगली कढई बदनाम होऊन भंगारात जाते.

या दोन्ही वस्तू मोठ्या दुकानातूनच घ्याव्यात असं नाही. आठवडी बाजारात, जत्रेत लोखंडी भांड्यांचा ढीग असतो. बोटाने वाजवून बघा, तळ टेकतो का ते सपाट फरशीवर ठेवून बघा. डोलणारा तवा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दगडाचं काय? ठेचा मिक्सरमधून काढला की त्याची चटणी होते. मिरची फाटायला हवी, लसूण ठेचायला हवा, दाण्याचा कण जिभेखाली यायला हवा. खेड्यात पाटा-वरवंटा आहेच, त्याला टाकी मारून घेतली की झालं. पण पोरं पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना पाटा देऊ नका, दर अकरा महिन्यांनी घर बदलताना तो कोण उचलेल? दगडाचा लहान खलबत्ता द्या, बत्त्याला चांगलं वजन असलेला. नव्या दगडात आधी मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ कुटायचं, पिठात करडी बारीक कच दिसायची थांबली की समजायचं दगड तयार झाला. हेही चिठ्ठीत लिहा. नाहीतर पहिल्या ठेच्यात दाताखाली कचकच येते आणि शिव्या देणाऱ्याला पडतात.

कुकरबद्दल फार बोलायला नको. घरात माणसं किती तेवढं विचारा, दोघांना पाच लिटरचा कुकर म्हणजे रोज घासायचं ओझं. गंमत एवढीच की, देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या विद्वानांना वाफेचं असं पहिलं भांडं दाखवलं ते हाडं मऊ करण्यासाठी. हाडांसाठी जन्मलेल्या त्या भांड्यात आज सगळ्या भारताची तूरडाळ शिजते आणि कुणाचाही नेम मोडत नाही.

काही वस्तूंवर मात्र मी काट मारते. दोरी ओढून कांदा चिरणारं यंत्र, कारण तिसऱ्या महिन्यात दोरी तुटते आणि विळी तिथेच असते. मोड आणायचं प्लास्टिकचं भांडं, कारण मटकीला मोड आणायला जुन्या धोतराचा ओला तुकडा पुरतो. आणि आरोग्याचे धडे देणारी पुस्तकं. पुस्तक द्यायचंच तर मराठीत चांगली पाककृतींची पुस्तकं आहेत. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० पासून नव्या संसारात जातंय, आणि माप वाटी-चमच्याचं असल्याने कुणाचं अडत नाही. पण जिला तीस वर्षं स्वयंपाक येतो तिला 'पौष्टिक कसं खावं' देणं हा अपमान आहे, मग त्याला कितीही चकचकीत कागद गुंडाळा.

नव्या पिढीत आणखी एक प्रकार आलाय. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते. मुसलमान मुलगी, आणि मांसच काय, दूध, दही, तूपही सोडलंय. याला व्हीगन म्हणतात. शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. घरी गदारोळ झाला. बकरी ईदला पोरगी येते आणि वांग्याचं भरीत खाते, लोक काय म्हणतील? तिची आई मला म्हणाली, "टीचर, ज़रा समझाओ इसको." मी त्या मुलीला समजावलं नाही, आईला समजावलं. हलाल म्हणजे ज्याला परवानगी आहे ते. जी गोष्ट खायला परवानगी आहे ती खाल्लीच पाहिजे असं कुठे आहे? नमाज पढते, रोजे ठेवते, जकात काढते. ताटात काय घ्यायचं ते तिला ठरवू द्या.

त्या ईदला आईने काय केलं असेल? मिक्सरचं नवं भांडं आणि मलमलचा दीड मीटर कपडा घेऊन दिला. शेंगदाणे रात्रभर भिजवून वाटायचे, मलमलमधून पिळायचे, ते दूध उकळून कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून ठेवायचे, दही लागतं. पोरीने आईला शिकवलं, आईने मला. आता त्यांच्याकडे ईदला दोन पातेल्यांत शीरखुर्मा होतो, एक म्हशीच्या दुधाचा, एक दाण्याच्या. दाण्याचा जरा घट्ट होतो आणि शेवयांना चिकटतो, पण खजूर घातल्यावर वाईट लागत नाही. मिक्सरचं भांडं देऊन आईने एक शब्द न बोलता सांगितलं की, तू माझ्या स्वयंपाकघरातून हद्दपार झालेली नाहीस. व्हीगन घरात काय द्यावं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. आपल्याकडे तीळ, जवस, कारळ, शेंगदाणा हे सगळं पिकतं, दळायची-वाटायची-गाळायची चांगली सोय करून द्या, बाकी ते बघून घेतील.

भांडं रिकामं देऊ नये, हा दोन्ही घरांतला रिवाज. शेजारणीची वाटी परत करताना आपणही चिमूटभर साखर घालतोच. कढईत काय घालायचं याला मराठीत सुंदर जुना शब्द आहे, शिधा. ज्याला आपलं शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडं धान्य द्यायचं. तूरडाळ, ज्वारी, गुळाची ढेप, तीळ. आणि खजूर! रमजानचा खजूर माळकऱ्याच्या एकादशीला चालतो. २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, म्हणून राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढे ढकलली. त्याच्या बातम्या झाल्या, कौतुक झालं, बरं वाटलं. त्या दिवशी शेजारी पाठवता येईल अशी वस्तू आपल्या घरात खजूरच होती.

हजरत आयेशा यांनी प्रेषितांना (स.) विचारलं होतं की, दोन शेजारी असतील तर भेट कुणाला पाठवू. उत्तर मिळालं, ज्याचं दार जास्त जवळ आहे त्याला. त्या घरात काय शिजतं याची चौकशी त्या उत्तरात नाही.

या महिन्यात आमच्या समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न आहे. काकू माळकरी, मुलगी नाशिकला संसार थाटणार. मी तिला सरळ विचारून घेतलं, गॅस की इंडक्शन? म्हणाली, "मावशी, तिथे इंडक्शनच आहे." ॲल्युमिनियम आणि मातीचं खापर त्यावर तापत नाही, लोखंड तापतं, फक्त बूड सपाट हवं. भाकरी विस्तवावर फुगणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागेल, ते मी तिला दाखवणार आहे. शनिवारी खामगावला जाऊन तवा आणि कढई घेते. शाळेच्या प्रयोगशाळेतला लोहचुंबक पर्समध्ये टाकून ठेवलाय, कारण दुकानदार काहीही सांगतात.